खोलीत कोण कोण होतं

मालिनीबाई जर्मनीला निघाल्या त्या लेकीकडे चार दिवस राहायला, अशी साताऱ्यातल्या शेजारपाजाऱ्यांची समजूत होती. तसं काही नव्हतं. त्या परीक्षक म्हणून निघाल्या होत्या. मुंबईच्या विमानतळावर बॅगा ट्रॉलीवर चढवताना श्यामकांतरावांनी शेवटचं बजावलं होतं, "तिथे जाऊन लाड करत बसू नकोस. ती नक्की काय करते ते नीट बघ. जमण्यासारखं असेल तर तसं सांग. नसेल तर तिला म्हणावं, कंपनीवाले अजून विचारतायत, परत जा."

कंपनी म्हणजे ड्रेस्डेनमधली चिप बनवणारी. खायची नव्हे, कॉम्प्युटरची. हा खुलासा मालिनीबाई न विचारता करत. शिवांगी, त्यांची एकुलती एक मुलगी, तिथे युनिव्हर्सिटीत शिकली, त्याच गावात तिला नोकरी लागली, श्यामकांतरावांना आभाळ ठेंगणं झालं. आणि मग एके दिवशी फोनवर ती म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. मी कोरियन पॉपची गाणी करते." श्यामकांतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी त्या वाक्याचे तुकडे करून पाहिले. गाणी. कोरियातल्या मुलींनी म्हणायची. ड्रेस्डेनमध्ये बसून. कोरियन येत नसताना. एकाही तुकड्याला काही अर्थ लागेना.

शेवटी बापलेकीत तह झाला. बर्लिनच्या एका म्युझिक पब्लिशरने शिवांगीशी वर्षाचा करार केला होता. त्या वर्षात तिचं नाव असलेलं एक तरी गाणं कुणी घेतलं पाहिजे. घेतलं तर करार पुढे चालू, नाहीतर राम राम. "नाही घेतलं तर मी मुकाट्याने चिपच्या कंपनीत जाईन," असं शिवांगीने कबूल केलं. आता ते वर्ष संपत आलं होतं आणि गाणं काही लागलं नव्हतं. म्हणून हे परीक्षकाचं प्रकरण.

आणि परीक्षक तरी कसा निवडावा! मालिनीबाईंनी मुलींच्या शाळेत उभा जन्म भूमिती शिकवली. अर्ध्या मार्कासाठी रडणाऱ्या मुलीला त्यांनी अर्धा मार्क कधी दिला नाही. पूर्ण मार्क तर कुणालाच नाही. सिद्धता अगदी चोख असली तरी आकृतीतली रेघ जाड आहे म्हणून एक मार्क कापायच्या. मात्र स्वभाव चौकस. कुठलीही गोष्ट कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ड्रेस्डेनला आल्यापासून हायत्सुंगचं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचं, चाक कुठे फिरवायचं, कचऱ्याचे इतके डबे कशाला, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमान या बाईंचा कुत्रा दुपारीच का भुंकतो, सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं. लोक याला नाक खुपसणं म्हणतात. त्या अभ्यास म्हणत.

पण पहिला धक्का घरातच बसला. शिवांगीने दोन खोल्यांपैकी मोठी खोली गाण्याला दिली होती, स्वतः लहानीत झोपत होती. ठीक आहे. पण त्या मोठ्या खोलीच्या भिंतीवर खिळे ठोकून काय टांगलं होतं, तर मालिनीबाईंनी स्वतः शिवलेली गोधडी. लेकीला थंडी वाजू नये म्हणून पाठवलेली.

"अगं, गोधडी भिंतीला घातलीस?"

"आवाज घुमत नाही त्याने, आई. दुकानातल्या फोमपेक्षा भारी आहे. टिल तर म्हणतो, अजून एक मागव."

मालिनीबाईंना राग आला होता, पण अजून एक मागव म्हटल्यावर तो कुठेतरी विरघळला. त्यांनी गोधडीची एक सुटलेली कड तिथल्या तिथे, भिंतीवरच, टाके घालून नीट केली.

टिल हा जर्मन मुलगा, लाइपझिगहून यायचा. उंच, केस विस्कटलेले, सगळ्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणणारा. तो वाद्यांचं आणि ठेक्याचं बघायचा, सगळं कॉम्प्युटरवर. सिग्ने स्वीडनची, चाली रचायची आणि कच्चं गाणं, म्हणजे डेमो, स्वतःच गायची. शिवांगीला दोन्ही यायचं. ही दोघं महिन्यातून काही दिवस तिच्याकडे मुक्कामाला यायची, रात्री त्या गोधडीवाल्या खोलीतच गाद्या टाकून झोपायची, आणि दिवसभर तिथेच तिघं कोंडून घ्यायची.

मालिनीबाईंचं इंग्रजी शाळेपासून बरं होतं, त्यामुळे चौकशीला अडचण नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी टिलला चहा देता देता पकडलं.

"कोरियात गाणारे नाहीत का? तुम्ही कशाला?"

टिल हसला. कोरियातल्या सोल शहरातल्या कंपन्या जगभर निरोप धाडतात, म्हणाला. आम्हाला पाच मुलींसाठी गाणं हवंय, मुली अशा अशा आहेत, गाणं रागीट हवं पण नाचता आलं पाहिजे. मग स्वीडनमध्ये, अमेरिकेत, इथे, कुठे कुठे खोल्यांमधून माणसं बसतात आणि डेमो पाठवतात. ढिगाने. त्यातला एखादा ते उचलतात. कधी याचं धड घेतात आणि त्याचं डोकं. शब्द मागाहून कोरियनमध्ये होतात.

"म्हणजे एका लग्नाला दहा आचारी," मालिनीबाई म्हणाल्या. "आणि आत्ता ही सिग्ने जे गाते त्याला शब्दच नाहीत?"

"आत्ता नुसते आवाज," सिग्ने म्हणाली. "तोंडात बरं बसेल ते."

शब्दांवाचून गाणं ही कल्पना मालिनीबाईंना इतकी आवडली की त्या दिवसभर त्यावर विचार करत राहिल्या. भूमितीत आधी आकृती काढतात आणि नावं मागून देतात, तसं हे असावं, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मग त्यांना दिसली फोटोची गंमत. गाण्याचा एखादा तुकडा, समजा सुरुवात किंवा कोरस, म्हणजे धृपद, मनासारखा झाला की टिल फोन उंच धरायचा आणि खोलीत जे जे असतील त्यांचा एक फोटो काढायचा. हसायची गरज नाही, केस नीट करायची गरज नाही.

"हे काय?"

"आमचा नियम," शिवांगीने सांगितलं. "तुकडा होताना खोलीत जो असेल त्याचं नाव त्या तुकड्यावर लागतं. कुणी किती केलं ते मोजायचं नाही. एकजण नुसता मान हलवत बसला असेल, पण त्याच्या मान हलवण्यानेच दुसऱ्याला सुचतं. खोलीत नसेल त्याचं नाव नाही."

"पण फोटो कशाला?"

शिवांगीने जरा तोंड वाकडं केलं. वसंतात बर्लिनला गाणी रचायच्या एका मोठ्या शिबिरात तिने एक चाल केली होती. ती होत असताना एक नामांकित गृहस्थ बाहेर जेवायला गेले होते. नावं लिहायची वेळ आली तेव्हा ते पहिल्या नंबरावर. शिवांगी भांडली, सगळ्यांसमोर. कुणालाच आठवेना कोण कुठे होतं. "तेव्हापासून फोटो. मीच काढलाय नियम."

मालिनीबाईंना हे एकदम पटलं. परीक्षेच्या हॉलमध्येही बैठकीचा नकाशा काढून ठेवायच्या त्या. पोरगी आपल्यावर गेली आहे, असं त्यांना मनातून वाटलं आणि बरंही वाटलं, पण बोलून दाखवायची त्यांची पद्धत नव्हती.

आता खरं घोडं अडलं ते असं. सोलच्या एका कंपनीचा निरोप आला होता आणि करार संपण्याआधीची ही शेवटची संधी होती. गाण्याची सुरुवात झाली, मधला भाग झाला, ठेका असा की फ्राऊ लेमानचा कुत्राही गप्प झाला. कोरस मात्र येईना. तिघं सकाळपासून खोलीत, बाहेर आली की एकमेकांकडे न बघता पाणी पिणार आणि परत आत. शिवांगीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. मालिनीबाईंनी श्यामकांतरावांना फोनवर सांगितलं, "अहो, मेहनत फार करते. पण होतंय की नाही ते मला अजून कळत नाहीये."

"मेहनत चिपच्या कंपनीतही करत होती," ते म्हणाले.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी शिवांगीचा टर्मिन, म्हणजे सरकारी कचेरीतली भेटीची वेळ. नोकरी सोडल्यामुळे तिचा राहण्याचा परवाना बदलायचा होता आणि आउसलेंडरबेहोर्डेने, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीने, किती तरी महिन्यांनी एक तारीख दिली होती. तो टर्मिन चुकवणं म्हणजे देशावर पाणी सोडणं. शिवांगी फाइल छातीशी धरून सकाळीच ट्रामला गेली. जाताना आईला म्हणाली, "त्यांना खायला दे. उपाशी माणसांना कोरस सुचत नाही."

मालिनीबाईंनी साताऱ्याहून आणलेली भाजणी काढली. थालीपिठात घालायला कोथिंबीर हवी, ती आशियाई दुकानातून आणलेली, मुळांना माती. नळ सोडून त्या जुडी धुवायला लागल्या. समोर खिडकी, खिडकीतून ट्रामची तार, वरून बारीक ऊन. बाजूच्या खोलीचं दार उघडंच होतं.

पाण्याचा ग्लास घ्यायला आलेली सिग्ने दारातच थबकली. "ते काय गात होतात?"

"मी? काही नाही."

"गात होतात. आत्ता."

मालिनीबाईंनी नळ बंद केला आणि खरोखर आठवून पाहिलं. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, प्रार्थनेसारखं काहीतरी निघालं. सिग्ने नाही नाही करत मान हलवत राहिली. आता टिलही येऊन उभा. शेवटी कंटाळून मालिनीबाई म्हणाल्या, "माझी कोथिंबीर राहिलीये," आणि त्यांनी पुन्हा नळ सोडला. जुडी पाण्याखाली धरली. चार पानं निवडली नाहीत तोच तोंडातून ते निघालं, बारीक, नाकातल्या नाकात. चढत चढत जाणारी एक ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि मग मध्येच थांबणारी.

सिग्नेने फोनवर पाण्याच्या आवाजासकट ते टिपून घेतलं. मग दोघांनी मालिनीबाईंना हाताला धरून खोलीत नेलं आणि गोधडीखालच्या खुर्चीत बसवलं. सिग्ने ती ओळ पुन्हा पुन्हा गाऊ लागली. थांबत होती तिथे तिने एक उंच सूर लावला, एकदम वर उडी मारल्यासारखा. टिलने खाली ठेका घातला. अर्ध्या तासात कोरस उभा राहिला. टिलने फोन उंच धरला. फोटोत सिग्ने, टिल, आणि मधोमध मालिनीबाई, एका हातात ओली कोथिंबीर.

परवान्याचं काम करून शिवांगी परतली तेव्हा तिघांनी तिला आल्या आल्या कोरस ऐकवला. ती ऐकत राहिली. पुन्हा लाव, म्हणाली. मग पुन्हा.

"मस्त आहे," ती म्हणाली. "पण हे मी कुठेतरी ऐकलंय."

झालं. कुणाच्या गाण्यातून उचललेलं निघालं तर गाणं जाईल आणि अब्रूही जाईल. टिलने गाणी ओळखणाऱ्या ॲपला ते ऐकवलं, सिग्नेने आणखी कुठे कुठे शोधलं. काही सापडलं नाही. गाणं सोलला गेलं.

पण मालिनीबाईंची झोप उडाली. आयुष्यभर कॉपी पकडली आणि आता आपणच नकळत कुणाची नक्कल केली की काय? ही ओळ आली कुठून? त्यांनी बहिणीला, नंदिनीला, फोन करून ती गुणगुणून दाखवली. गाणं बाहेर कुणाला ऐकवायचं नाही अशी शपथ होती, पण हे काय, नुसती आपली गुणगुण. नंदिनी म्हणाली, आरतीसारखं वाटतंय पण आरती नाही. शाळेतल्या सुलेखाबाई म्हणाल्या, साबणाची जाहिरात असेल. साबणाच्या जुन्या जाहिराती मालिनीबाईंनी एकामागून एक ऐकून काढल्या. त्यांतही नाही. श्यामकांतरावांना मात्र त्यांनी विचारलं नाही. त्यांना सूर आणि कारखान्याचा भोंगा यांतला फरक कळत नाही, हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच सिद्ध झालं होतं.

असे काही आठवडे गेले. झाडं पिवळी पडली, मालिनीबाईंची परतायची तारीख जवळ आली, आणि एका सकाळी बर्लिनहून पब्लिशरचा फोन आला. टिल तेव्हा तिथेच होता. शिवांगीने फोन स्पीकरवर टाकला.

सोलने गाणं घेतलं होतं.

शिवांगीने आईला मिठी मारली. टिलने टेबलावर दोन्ही हात आपटले. बर्लिनची बाई बोलतच होती. सोलला कोरस फार आवडलाय. फक्त कोरस. बाकीचं गाणं त्यांना नकोय, ते अमेरिकेतल्या दुसऱ्या एका खोलीकडून करून घेणार आहेत. तर कोरस ज्यांनी केला त्यांची नावं उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा. अभिनंदन.

फोन बंद झाला. टिलने फोटो उघडला. सिग्ने, टिल आणि कोथिंबीर.

हसावं की रडावं ते मालिनीबाईंना कळेना. लेकीला वर्षभर जे हवं होतं ते आयतं त्यांच्या पदरात पडलं होतं. त्यांना ते नको होतं, आणि जिला हवं होतं ती बिचारी त्या वेळी खिडकीवर टोकन घेऊन बसली होती.

"हे बघ, यात काय आहे एवढं," टिल म्हणाला. "तुझं नाव घालतो. घर तुझं, गाणं तुझं, सिग्नेही हो म्हणेल."

"मी नव्हते," शिवांगी म्हणाली.

"मग माझ्या जागी घाल," मालिनीबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय नाव घेऊन?"

"आई, तू अर्धा मार्क कधी कुणाला दिलायस?" शिवांगीचा आवाज चढला नाही. "बर्लिनला त्या माणसाशी मी कशासाठी भांडले? तोही म्हणत होता, शिबिर माझं, माणसं माझी. मी खोलीत नव्हते. फोटोत नाही. संपलं." आणि मग टिलकडे वळून, "उद्या दुपारी ये, तीन नावं पाठवू. मी कंपनीला मेल करते, जागा आहे का विचारते."

त्या दिवशी मालिनीबाई स्वतःवर फार चिडल्या. कुणी सांगितलं होतं मला गुणगुणायला? आयुष्यात चार ओळी कधी धड गायल्या नाहीत आणि गायल्या त्या पोरीच्या मुळावर. परीक्षा संपली होती, निकालही लागला होता, आणि परीक्षकच पहिली आली होती. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. श्यामकांतरावांचा फोन आला तो त्यांनी घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा ओट्याशी उभ्या होत्या. टिल यायचा होता, त्याला थालीपीठ आवडायचं, आणि हात रिकामे ठेवले तर डोकं फिरायची वेळ होती. शिवांगी डोकं धुवायला बाथरूममध्ये गेली. मध्ये पातळ भिंत. शॉवर सुरू झाला, पाइप घरघरला, पाणी पडायला लागलं.

आणि मालिनीबाई गुणगुणायला लागल्या.

त्यांचा भाजणीतला हात तसाच राहिला. पाणी. त्या दिवशीही नळ बंद केला की गाणं बंद पडत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाण्याच्या आवाजाकडे कान लावून उभ्या राहिल्या. ही ओळ त्यांची नव्हतीच. ती कानाने ऐकलेली होती, खालून, कमरेच्या उंचीवरून, ओल्या न्हाणीघरात. डोक्यावरून पाणी घेताना लहानगी शिवांगी, त्यांची शिवी, आकांत करायची. मग तिने स्वतःच एक गाणं काढलं होतं, बिनशब्दाचं. ते गाणं म्हणून होईपर्यंत तांब्या ओतायचा नाही, असा तिचा नियम. एक ओळ, पुन्हा तीच ओळ, मग ती डोळे घट्ट मिटून थांबायची आणि आई पाणी ओतायची. मोठी झाली, गाणं विसरली. आईच्या नाकात ते राहून गेलं, पाण्याला चिकटून.

दारावरची बेल वाजली. टिल आत आला तो मालिनीबाईंच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. टिलचे डोळे चमकले, पण लगेच तो म्हणाला, "ती मानणार नाही. म्हणेल, आई माझ्यासाठी रचून सांगते."

"बरोबर आहे तिचं. मीही मानलं नसतं," मालिनीबाई म्हणाल्या. "साक्षीदार पाहिजे. ज्याला यातलं काही माहीत नाही असा. तू बोलू नकोस, फक्त ऐक."

त्यांनी साताऱ्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. बाथरूममधलं पाणी नुकतंच थांबलं होतं.

"काल फोन का नाही घेतलास?" श्यामकांतराव. "काय झालं? ती येतीये ना कंपनीत परत?"

"अहो, ते राहू द्या. मला एक सांगा. शिवी लहान असताना रविवारी तिला आंघोळ तुम्ही घालायचात. ती तेव्हा काय म्हणायची, आठवतं?"

"काय म्हणायची म्हणजे? रडायची."

"रडायच्या आधी."

मालिनीबाईंच्या जिभेवर ती ओळ अगदी आली होती, पण त्यांनी ओठ गच्च मिटून घेतले. परीक्षकाने उत्तर सांगायचं नसतं.

"हां. ते होय," श्यामकांतराव म्हणाले. "ते तिचं गाणं. म्हटल्याशिवाय पाणी घालू द्यायची नाही. पण ते आत्ता कशाला?"

"म्हणून दाखवा."

"मी? अगं, इथे शेजारचा शिरीष बसलाय चहाला."

"त्यांनाही ऐकू द्या. म्हणा."

एक खाकरणं ऐकू आलं. कप बशीत ठेवल्याचा आवाज. आणि मग ज्या माणसाने देवापुढेही आरतीला नुसते ओठ हलवले, तो माणूस गाऊ लागला. सूर इकडे तिकडे जात होते, पण ओळ तीच होती, चढत चढत जाणारी. पुन्हा तीच ओळ. मालिनीबाईंची गुणगुण जिथे नेहमी थांबायची तिथे ते मात्र थांबले नाहीत. त्यांनी एकदम वर उडी मारली, फाटक्या आवाजात, "ईऽऽ" करून.

टिल खुर्चीतून उठून उभा राहिला. तो उंच सूर सिग्नेने लावला होता, तिच्या मनाने. मालिनीबाईंनी तो कधी गायलाच नव्हता. त्यांच्या हाती तांब्या असायचा, त्यांच्या लेखी गाणं तिथे संपायचं.

"शेवटचं ते पाणी पडल्यावरचं," श्यामकांतराव समजावून सांगत होते. "गार असो, कढत असो, अश्शी किंचाळायची. शिरीष हसतोय बघ."

बाथरूमच्या दारात शिवांगी उभी होती, डोक्याला टॉवेल, केसांतून पाणी खांद्यावर गळतंय. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. हळूहळू ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"बाबा," ती म्हणाली, "परत म्हणा ना."

आणि श्यामकांतरावांनी, काहीही न विचारता, परत म्हटलं. या खेपेला शेवटच्या किंचाळीला शिवांगीही त्यांच्याबरोबर होती.

कोरस मुळात झाला तो न्हाणीघरात, आणि त्या खोलीत शिवांगी होतीच, असं टिलने सिग्नेला निरोप पाठवून कळवलं आणि नावं लिहायला घेतली. सिग्ने, टिल, शिवांगी. मग बोट थांबवून त्याने मालिनीबाईंकडे पाहिलं.

"माझं काढून टाक," त्या म्हणाल्या. "मी फक्त पाणी ओतलं."

"पाणी ओतणारं माणूसही खोलीतच असतं, आई," शिवांगी म्हणाली. "नियम म्हणजे नियम. ठेव रे तिचं नाव."

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "अगं, आहेस का? कुणी बोलत का नाहीये? मी म्हटलं ते बरोबर होतं की चुकलं?"

मालिनीबाईंनी पदराने डोळे पुसले. हाताची भाजणी पदराला लागली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पूर्ण मार्क. तुम्हालाही आणि तिलाही."